कमतरतेची गोष्ट आता पुरे

नैराश्याचं निदान झालेल्या माणसाच्या घरी, मग ते नाशिकच्या पंचवटीत असो, सिडकोत असो की निफाडकडच्या मळ्यात, एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉक्टर म्हणाले, मेंदूतलं केमिकल कमी झालंय. गोळ्या चालू केल्यात, भरून निघेल." हे वाक्य वाईट हेतूने कुणी बोलत नाही. ओपीडीबाहेर रांग असते, समोरचे नातेवाईक घाबरलेले असतात, आणि चार शब्दांत काहीतरी समजेल असं सांगायचं असतं. तरीही माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य आता दवाखान्यांतून, माहितीपत्रकांतून आणि आपल्या रोजच्या बोलण्यातून जायला हवं. नुसतं अपुरं असतं तर चालवून घेता आलं असतं. पण ते चुकीचं आहे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात.

मी जीवरसायनशास्त्र शिकवते, मानसोपचार करत नाही. कुणी कोणतं औषध घ्यावं, हा माझा प्रांत नाही. पण रेणूंच्या नावाने लोकांना काय सांगितलं जातं, यावर बोलणं माझं काम आहे.

हे ‘केमिकल’ म्हणजे बहुतेक वेळा सेरोटोनिन, मेंदूतल्या एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणारा रेणू. त्याच्या कमतरतेची ही गोष्ट आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे. तिचं एक टोक आपल्या मुंबईत सापडतं. १९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. पुढे त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, जगभर वापरलं गेलं, आणि ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात अशा नोंदी येऊ लागल्या. रिसर्पिन मेंदूतल्या पेशींमधला सेरोटोनिनचा आणि त्याच्या भाऊबंद रेणूंचा साठा रिकामा करतं, हेही कळलं. त्याच दशकात क्षयावरच्या इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची मरगळ जाताना दिसली. ते औषध हेच रेणू मोडणाऱ्या एन्झाइमला अडवत होतं. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरचा परिणाम नोंदवला. रेणू घटले की खिन्नता, वाढले की उतार, अशा तुकड्यांवरून १९६० च्या दशकात ॲलेक कॉपेन यांच्यासारख्या संशोधकांनी सेरोटोनिनच्या कमतरतेची कल्पना मांडली. त्या काळात ती चांगली कल्पना होती, कारण तिची परीक्षा घेता येत होती. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळीला मंजुरी मिळाली आणि त्यानंतर या कल्पनेची जाहिरात झाली. परीक्षाही चालूच होती, पण तिचे निकाल जाहिरातीइतके लांब पोहोचले नाहीत.

ट्रिप्टोफॅन हा सेरोटोनिनचा कच्चा माल. विशेष आहार देऊन शरीरातलं ट्रिप्टोफॅन झपाट्याने घटवलं, तर काही तासांत मेंदूतलं सेरोटोनिनचं उत्पादन मंदावतं. निरोगी लोकांवर असे प्रयोग झाले आणि बहुतेकांचं मन फारसं ढासळलं नाही. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेलं होतं आणि सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी ज्यांना बरं वाटलं होतं, त्यांच्यातल्या काहींना मात्र तात्पुरता त्रास झाला. म्हणजे सेरोटोनिनचा या आजाराशी संबंध आहे, पण तो ‘कमी पडलं म्हणून आजार झाला’ इतका सरळ नाही. रिसर्पिनच्या जुन्या नोंदीसुद्धा नंतर नीट तपासल्यावर वाटल्या होत्या तितक्या भक्कम निघाल्या नाहीत. २०२२ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सुसंगत पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. आणखी एक साधी गोष्ट: शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन पचनमार्गात असतं आणि रक्तातून ते मेंदूत शिरू शकत नाही. त्यामुळे नैराश्य दाखवणारी सेरोटोनिनची रक्ततपासणी कुणी विकत असेल, तर तिच्यावर पैसे घालवू नयेत.

पण कमतरतेच्या गोष्टीविरुद्धचा सगळ्यात बोलका पुरावा प्रयोगशाळेतला नाही. गोळी सुरू केलेल्या प्रत्येक घरात तो दिसतो. फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन ही औषधं पेशींमधल्या फटीतून सेरोटोनिन परत ओढून घेणाऱ्या वाहक प्रथिनाला अडवतात, आणि हे काम पहिल्या काही तासांतच होतं. केवळ कमतरता असती तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसाला हलकं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात दोन ते सहा आठवडे जातात. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ, अस्वस्थता, झोपमोड हे त्रास आधी येतात, आराम नंतर. ज्याला ‘केमिकल भरून निघेल’ असं सांगितलंय, तो दहाव्या दिवशी काय विचार करेल? गोळी लागू पडत नाही, किंवा आपला आजार गोळीच्या पलीकडचा आहे. आणि तो गोळी बंद करतो. माझ्या ओळखीतल्या एका द्राक्ष बागायतदारांनी मला हेच विचारलं होतं: "मॅडम, कमी पडलेलं खत टाकलं की पान आठवड्यात हिरवं दिसतं. याला महिना का लागतो?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्यांना मिळालेलं उत्तर चुकीचं होतं.

त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगते. बागेच्या टाकीत पाणी भरपूर आहे, मोटर चालू आहे, पण ड्रिपरची तोंडं क्षारांनी बुजली आहेत. वेल सुकताना पाहून कुणी टाकी आणखी भरत नाही. लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, उघडून बघतो. सेरोटोनिन हा रेणू निरोप घेऊन येतो, पण निरोप ऐकणारं प्रथिन, म्हणजे पेशीच्या पडद्यावर बसलेला रिसेप्टर, नीट जागेवर आहे का आणि ऐकलेलं आत पोचवतोय का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. उपमेची मर्यादाही सांगायला हवी: ड्रिपर बुजतो तो बाहेरच्या क्षाराने, रिसेप्टरमधले बदल मात्र शरीर स्वतःच, एन्झाइमांच्या हाताने, क्षणाक्षणाला करत आणि उलटवत असतं.

या बदलांकडे गेल्या काही वर्षांत संशोधकांचं लक्ष वळलं आहे, आणि मला वाटतं नैराश्याबद्दलचं आजचं सर्वांत महत्त्वाचं काम इथे चाललं आहे. पेशीत प्रथिन तयार झालं म्हणजे त्याचं घडणं संपत नाही. त्याच्यावर फॉस्फेट चिकटतो, ॲसिटिल गट चिकटतो, साखरेचे रेणू, स्निग्धाम्लं चिकटतात, सुटतात. प्रथिन तेच, पण चिकटलेल्या गटानुसार ते कुठे बसेल, कुणाशी जोडलं जाईल, किती काम करेल हे बदलतं. (इथे प्रथिन म्हणजे डाळीतलं किंवा डब्यातल्या पावडरीतलं नव्हे, आहार सुधारून हे बदल दुरुस्त होतील असा अर्थ कुणी काढू नये.)

सेरोटोनिनच्या रिसेप्टरांपैकी ५-एचटी१ए हा नैराश्याच्या अभ्यासात मध्यवर्ती मानला जातो. त्याच्यावर पामिटिक आम्ल हे १६ कार्बनांचं स्निग्धाम्ल चिकटवलं जातं. या क्रियेला पामिटॉयलेशन म्हणतात. स्निग्धाम्लाच्या शेपटीमुळे रिसेप्टर पडद्यातल्या योग्य जागी रुजतो आणि निरोप पुढे नेणाऱ्या आतल्या जी-प्रथिनाला तो देऊ शकतो. २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये जर्मनीतल्या हानोव्हरच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही शेपटी चिकटवण्याचं मुख्य काम झेडडीएचएचसी-२१ नावाचं एन्झाइम करतं. नैराश्यासारखी वागणूक दाखवणाऱ्या प्राण्यांच्या दोन वेगवेगळ्या प्रारूपांत हे एन्झाइम घटलेलं होतं आणि रिसेप्टरचं पामिटॉयलेशनही. उंदरांच्या पुढच्या मेंदूत हे एक एन्झाइम मुद्दाम कमी केलं, तेव्हा ते उंदीर नैराश्यासारखे वागू लागले. आणि नैराश्यात आत्महत्येने गेलेल्या माणसांच्या मेंदूच्या नमुन्यांत, कपाळामागच्या भागात, हीच घट सापडली. सेरोटोनिन कितीही असो, ते ऐकणारा रिसेप्टर अर्धवट बहिरा झालेला.

दुसरा धागा शिकागोचा. मार्क रेसनिक आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं जी-एस-अल्फा या प्रथिनाचा माग काढत आहेत. रिसेप्टरने घेतलेला निरोप पेशीच्या आत पुढे नेणारं हे प्रथिन. पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉलने घट्ट झालेले छोटे भाग असतात, त्यांना लिपिड राफ्ट म्हणतात. नैराश्यात जी-एस-अल्फा या भागांत अडकून पडतं आणि त्याचं काम मंदावतं, असं त्यांना मृत्यूनंतरच्या मेंदूच्या नमुन्यांत दिसलं. पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या ट्यूब्युलिनवरचे ॲसिटिल गट कमी होण्याशीही याचा संबंध त्यांनी जोडला. नैराश्यावरची औषधं या राफ्टमध्ये हळूहळू साठतात आणि जी-एस-अल्फा तिथून बाहेर सरकतं. हे सरकणं सावकाश होतं, दिवसांच्या हिशेबाने. बागायतदारांच्या ‘महिना का लागतो’ या प्रश्नाला इथे एक खरंखुरं उत्तर मिळायला लागतं.

तो एकमेव खुलासा आहे असं मात्र नाही. मेंदूच्या खोडात सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावरचे ५-एचटी१ए रिसेप्टर ‘पुरे, थांबा’ असा निरोप देतात. गोळीच्या पहिल्या दिवसांत हा अडथळा उलट वाढतो आणि मग आठवड्यांनी सैल पडतो, हा खुलासा जुना आहे आणि अजून टिकून आहे. शिवाय सेरोटोनिन स्वतःच प्रथिनांवर चिकटतं, हेही आता माहीत आहे: २०१९ मध्येच नेचरमध्ये आलेल्या कामात ते डीएनए गुंडाळणाऱ्या हिस्टोन प्रथिनावर चिकटतं आणि जनुकांच्या चालण्यावर परिणाम करतं, असं दाखवलं गेलं. म्हणजे ज्याला आपण भरून काढायचं केमिकल समजत होतो, तो रेणू प्रथिनांच्या रचनेतही हात घालतो.

मला या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. चिकटलेला गट सुटतो, सुटलेला पुन्हा चिकटतो. कमतरतेच्या गोष्टीत माणूस जन्माचा अपुरा ठरतो, बाहेरून भर घालावी लागणारा. प्रथिनांच्या बदलांच्या गोष्टीत तो अशा स्थितीत अडकलेला असतो जी उलटू शकते. आणि ही स्थिती शून्यातून येत नाही. दीर्घ ताणात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा संप्रेरकांमुळे मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ५-एचटी१ए रिसेप्टरची निर्मिती दबताना दिसली आहे. बाहेरचं आयुष्य शरीरात शिरतं ते याच दारातून.

नाशिककरांना हे समजायला फार लांब जावं लागणार नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड पट्ट्यात गारपीट झाली, घडांनी भरलेल्या बागा झोडपल्या गेल्या. दोन आठवडे उलटायच्या आत, ८ डिसेंबरला, कांद्याची निर्यातबंदी लागू झाली आणि लासलगावचे भाव कोसळले. ज्या घरात बागही होती आणि कांदाही, त्या घरातल्या माणसाची झोप उडाली, जेवण तुटलं, बोलणं बंद झालं, तर त्याला ‘तुझं केमिकल कमी झालंय’ सांगणं म्हणजे गारा, बंदी आणि सोसायटीचं कर्ज हे सगळं त्याच्या डोक्यातल्या एका बाटलीत कोंबणं. आणि याच्या उलट ‘आजार वगैरे काही नाही, परिस्थितीचा प्रश्न आहे’ म्हणणंही तितकंच चूक. कारण परिस्थितीने जे केलं ते आता त्याच्या पेशींत उतरलेलं आहे आणि कर्ज उद्या माफ झालं तरी परवा तो उठून उभा राहीलच असं नाही. कर्ज आणि रिसेप्टर या एकाच माणसाच्या दोन बाजू आहेत. ज्या कार्यकर्त्यांना औषधांची चर्चा म्हणजे अन्यायावर पांघरूण वाटतं, त्यांना आणि ज्या डॉक्टरांना कर्जाची चर्चा वेळखाऊ वाटते, त्यांनाही मला हेच सांगायचं आहे.

यावर एक आक्षेप मी मनापासून गांभीर्याने घेते. अनेक मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, ‘केमिकल’ म्हटलं की घरचे टोमणे थांबतात. ‘आळशी आहे’, ‘नाटकं करते’, ‘बाहेरचं काही लागलंय’ यापेक्षा ‘केमिकल’ हजारपटीने बरं. ज्या सुनेला सासरी ‘हिला काही होत नाही, कामाचा कंटाळा’ असं ऐकावं लागतं, तिच्यासाठी डॉक्टरांचं ते वाक्य ढालीसारखं असतं, हे मला मान्य आहे. पण ढाल किती टिकते? अमेरिकेत २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नैराश्य येऊन गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना एका खोट्या चाचणीच्या आधारे सांगितलं गेलं की तुमचं नैराश्य रासायनिक असंतुलनामुळे होतं. त्यांचं स्वतःला दोष देणं कमी झालं नाही. उलट आपण यातून बाहेर येऊ याबद्दलची आशा घटली, आणि बोलण्याच्या उपचारांपेक्षा गोळ्याच त्यांना अधिक भरवशाच्या वाटल्या. टोमणा थांबवायचा असेल तर ‘हा आजार आहे, तिने ओढवून घेतलेला नाही, आणि यातून माणसं बरी होतात’ हे तीन तुकडे पुरतात. त्यासाठी खोट्या रसायनाची गरज नाही.

शिवाय खोटं कधीतरी उघडं पडतं. २०२२ च्या आढाव्यानंतर ‘सेरोटोनिनचा सिद्धांत खोटा ठरला’ अशा बातम्या फिरल्या, आणि अनेकांनी त्यातून काढलेला अर्थ होता की गोळ्याही फसव्या. गोळ्या अचानक बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोपेचा बट्ट्याबोळ, आजार उलटण्याचा धोका. हे घडायला नको होतं. औषध काम करतं का, हा प्रश्न वेगळ्या प्रकारच्या पुराव्याने सुटतो. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचं, १,१६,४७७ रुग्णांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात तपासलेली सर्व २१ औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली. फरक माफक होता, चमत्कार नव्हता. पहिल्याच औषधाने पूर्ण आराम पडणारे साधारण तीनात एक, असं अमेरिकेतल्या मोठ्या स्टार-डी अभ्यासात दिसलं. हे आकडे रुग्णाला सांगितले तर तो निराश होईल ही भीती मला पटत नाही. ज्याला आधीच ठाऊक आहे की पहिली गोळी लागू पडेलच असं नाही, तो दुसऱ्या गोळीसाठी परत येतो.

आणि बोलण्याचे उपचार आपल्या भागात जमत नाहीत, ही सबबही आता चालणार नाही. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकी घेतल्या. तीन महिन्यांनी त्या गटातल्या ६४ टक्के रुग्णांची लक्षणं ओसरली होती, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्क्यांची. हे २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालं. अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलणं सुरू केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्रातल्याच शेतकरी गावांत.

म्हणून माझी मागणी नाशिककडूनच सुरू होते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या शहरात आहे. राज्यभरातले डॉक्टर आणि परिचारिका त्याच्या परीक्षा देऊन बाहेर पडतात. पामिटॉयलेशन त्यांना कळो वा न कळो, पण नैराश्य झालेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना मराठीत समजावून सांगणं हा प्रात्यक्षिक परीक्षेतला गुणांचा भाग असायला हवा. छातीला स्टेथोस्कोप लावता येतो का हे आपण तपासतो, तसं हेही. सुरगाणा-पेठच्या केंद्रांत जाणाऱ्यांनी ते कोकणा बोलीत सांगायची तयारी ठेवावी. आशाताईंच्या प्रशिक्षणात ते यावं. आणि गोळी सुरू केलेल्या प्रत्येक रुग्णाला दुसऱ्या आठवड्यात एक फोन जावा, कारण अनेकांच्या गोळ्या सुटतात त्या तेव्हाच.

काय सांगायचं, याचा एक मसुदा मी इथे ठेवते. तज्ज्ञांनी तो खुशाल दुरुस्त करावा.

"काका, तुम्हाला नैराश्य हा आजार झालाय. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही. खूप दिवसांच्या ताणाने, कधी कधी ताण नसतानाही, मेंदूतल्या पेशींची एकमेकींशी बोलण्याची घडी विस्कटते. ती परत बसते, पण हळू. ही गोळी त्याला मदत करते. पहिले दहा-बारा दिवस मळमळेल, बेचैन वाटेल, फरक दिसणार नाही. तेव्हा बंद करू नका, त्रास फार झाला तर मला सांगा. महिना-दीड महिन्यात उतार नसेल तर गोळी बदलू, दुसरे मार्ग आहेत. बरं वाटलं तरी स्वतःहून सोडू नका, आपण मिळून हळूहळू कमी करू. गोळीने कर्ज फिटणार नाही, त्यासाठी कुणाकुणाशी बोलायचं ते ताई सांगतील, त्यांच्याकडे दर आठवड्याला या. आणि काकू, जीव नकोसा झाल्याचं हे बोलले तर त्यांना एकटं सोडू नका, मला लगेच कळवा. मी नसलो तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत."

एवढं बोलायला रांगेतला फार वेळ जात नाही. विद्यापीठाने पुढच्या परीक्षेपासून ते विचारायला सुरुवात करावी.